यात्रेत, सभेत, पटावर: प्रेस फोटोग्राफरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या भागात बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढतो. वर्धा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे जे मोठं होतं, तिथं मी असतो: गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव, कौंडण्यपूरची पालखी, तळेगाव दशासरचा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा, निवडणुकीच्या सभा, मंत्र्यांचे दौरे. प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. नवा कॅमेरा घेतलेली पोरं, कार्यक्रमाचे आयोजक, आणि ज्यांचा फोटो निघाला ते. तिसऱ्यांचे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात, म्हणून त्यांचाही इथं समावेश केला आहे.

मोठ्या नेत्याच्या सभेला तुम्ही किती आधी जाता?

पाहुणा जेवढा मोठा, तेवढं लवकर. पंतप्रधानांची सभा असेल तर काम काही दिवस आधी सुरू होतं. जिल्हा माहिती कार्यालयाकडे नाव, ओळखपत्र, फोटो द्यावे लागतात, पोलीस पडताळणी होते, मग पास निघतो. सभेच्या दिवशी तीन-चार तास आधी मैदानावर पोचायचं. सगळ्यांच्या बॅगा एका ओळीत जमिनीवर ठेवायच्या आणि बाजूला उभं राहायचं. श्वानपथक येऊन हुंगून जातं. नंतर प्रत्येक कॅमेरा चालू करून, एक क्लिक करून दाखवावा लागतो, लेन्सची टोपणं काढावी लागतात. पाण्याची बाटली बहुतेक वेळा बाहेरच राहते. आत गेलो की सभा संपेपर्यंत बाहेर येता येत नाही.

फोटोग्राफरांसाठी लाकडी किंवा लोखंडी मचाण असतं, मंचापासून बऱ्याच अंतरावर. मंच आणि लोकांच्या मधली मोकळी जागा, जिला सगळे ‘डी’ म्हणतात, ती सुरक्षेसाठी रिकामी ठेवलेली असते. क्वचित सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांसाठी पुढं सोडतात. त्या दोन मिनिटांत हार घालणं, हात उंचावणं, जे व्हायचं ते होतं. बाकी पूर्ण भाषण मचाणावरून, चारशे मिलिमीटरच्या लेन्सनं.

मग ते तीन-चार तास काय करायचं? माझं खरं काम मी याच वेळात करतो. लोक येत असतात. एसटीतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, पायी. एप्रिलमध्ये वर्धा-यवतमाळचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कोणी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेला, कोणी खुर्चीच डोक्यावर धरलेली, एखादी आजी पदरात मुरमुरे घेऊन नातवाला भरवते आहे. भाषण करणाऱ्याचा फोटो वीस जणांकडे सारखाच असतो. लोकांचा फोटो ज्याला डोळा आहे त्याच्याकडेच असतो. दुसऱ्या दिवशी तो आतल्या पानावर, दोन कॉलममध्ये येतो हे मला माहीत आहे. तरी वीस वर्षांनी त्या सभेची आठवण सांगायला तोच उपयोगी पडेल.

प्रेसचा पास कसा मिळतो? कॅमेरा मोठा असला की आत सोडतात का?

नाही. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून पत्रकारांना आणि छायाचित्रकारांना अधिस्वीकृती पत्रिका मिळते. त्यासाठी वर्तमानपत्राचं पत्र आणि कामाचा पुरावा लागतो. अधिस्वीकृती नसली तरी बहुतेक कार्यक्रमांना संपादकाचं पत्र आणि ओळखपत्र चालतं. यात्रा, पट, पोळा यांना पास लागत नाही. तिथं आयोजक समितीला जाऊन भेटा, नाव सांगा, कुठं उभं राहिलं तर चालेल ते विचारा. गाडीच्या काचेवर ‘प्रेस’ लिहिल्यानं कोणी पत्रकार होत नाही.

सुरुवातीला कोणता कॅमेरा घ्यावा?

जो परवडेल तो, आणि उरलेले पैसे लेन्सवर घाला. २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटर, दोन्ही एफ २.८, एवढ्यात या कामाचा बहुतेक भाग निघतो. जुन्या घ्या, पण नीट तपासून घ्या. दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, एक प्लास्टिकची पिशवी आणि एक पातळ सुती फडका. आमच्या काळ्या मातीची धूळ लेन्सच्या रिंगेत एकदा शिरली की करकर ऐकू येते, आणि दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं. म्हणून यात्रेत उघड्यावर लेन्स बदलू नका. आणखी एक, मे महिन्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका.

पोळ्यात पांढरे बैल फोटोत मळकट का दिसतात?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि आमच्याच भागात जास्त येतो, कारण गवळाऊ जात ही वर्ध्याची. पांढरीशुभ्र जनावरं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटभर पांढरा बैल आला की मीटरला वाटतं उजेड फार आहे, तो फोटो काळवंडवतो आणि बैल राखाडी होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, पाऊण ते एक स्टॉप वाढवा. उलट, बैल लहान दिसतो आहे आणि मागं कडुनिंबाची गर्द सावली किंवा माणसांची गर्दी आहे, तर मीटर सावलीला भुलतो आणि बैलाच्या अंगावरचे केस, वशिंडाची गोलाई, सगळं पांढऱ्या डागात जातं. मग कमी करावं लागतं.

मी स्वतः मॅन्युअलवर ठेवतो. तोरणाखाली पोचलो की आधी हाताच्या तळव्यावर उजेड पाहून आकडे लावतो, ढग आला की बदलतो, ढग गेला की परत आणतो. श्रावण अमावास्येचं आभाळ एका तासात चार वेळा बदलतं. जोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या असताना, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणायला कोणी पुढं आला आणि ‘हर बोला हर हर महादेव’ उसळलं की आकड्यांकडे पाहायला वेळ नसतो.

पोळ्याचा सुंदर भाग आदल्या संध्याकाळी असतो आणि तिथं कोणी फोटोग्राफर नसतो. खांदशेकणी. कास्तकार बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, वर्षभर जू वाहिलेला खांदा हातानं चोळतो आणि त्याला आवतण देतो: ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ गोठ्यात एक बल्ब असतो. आयएसओ ६४०० वर न्या, शटर १/६० वर आणा, भिंतीला टेका आणि श्वास धरा. बेगड, झूल, मठाट्या, ही सजावट दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मिळते.

शंकरपटात चांगला फोटो कुठून मिळतो?

धावपट्टीच्या शेवटाकडे, कडेला, बांबूच्या कठड्याच्या मागं. ‘मागं’ हा शब्द नीट वाचा. समोरून येणाऱ्या जोडीचा फोटो भारी दिसतो म्हणून पोरं पट्टीत उतरतात. जोडी सुटली की धुरकऱ्यालाही (जोडी हाकणाऱ्यालाही) ती जागच्या जागी थांबवता येत नाही. लांब लेन्स घ्या, गुडघ्यावर बसा, शटर १/१६०० च्या वर ठेवा. खूर हवेत असतानाची माती दिसायला हवी असेल तर एवढा वेग लागतो. कडेनं बैलांसोबत कॅमेरा फिरवून १/६० वर काढलात तर मागची गर्दी रेषांसारखी पुसली जाते आणि वेग दिसतो. दहातले नऊ बिघडतात. बिघडू द्या.

पटाचे जुने फोटो सांभाळून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये राज्यानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. त्या मधल्या वर्षांत ओस पडलेल्या मैदानाचे फोटो किती जणांनी काढले? मी काढले नाहीत. पट नाही म्हणून गेलोच नाही, आणि आज त्याची चुटपुट वाटते. आता जाताना परवानगीच्या अटी वाचून जा. बैलाला टोचणं, मारणं दिसलं तर तोही फोटो काढा. जोडीचं कौतुक छापतो तर जोडीचा त्रासही छापला पाहिजे.

मोझरीला मौन श्रद्धांजली असते तेव्हा फोटो कसे काढता? आवाज होत नाही का?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळलं जातं. ज्यानं ते अनुभवलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. सकाळपासून भजनं, खंजिरी, लाउडस्पीकर, दिंड्या, पोरांची रडारड, फुगेवाले. आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना सगळं थांबतं. लाखोंच्या गर्दीत कोणाच्या हातातल्या पिशवीची सळसळ ऐकू येते.

आरशाच्या कॅमेऱ्याचा आवाज तेव्हा दगडासारखा पडतो. पहिल्या वर्षी मी शटर दाबलं. समोर भगवी टोपी घातलेले एक म्हातारे सेवक डोळे मिटून, हात जोडून उभे होते. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. पुन्हा डोळे मिटले. पण त्यांचं जे मोडलं ते मी मोडलं होतं, आणि तो फोटो मी ऑफिसला पाठवला नाही. त्यानंतर अनेक वर्षं मी मौनात कॅमेरा खाली ठेवत असे. मौनाच्या आधीचे फोटो काढायचे, मग मीही उभा राहायचो, आणि मौन सुटल्यावर पहिला श्वास घेतलेले चेहरे काढायचे. ते चेहरे मौनातल्या चेहऱ्यांपेक्षाही बोलके असतात असं माझं मत झालं.

आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असतं, त्याला आवाज नाही. हलत्या वस्तू त्यात वाकड्या येतात, एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात, पण मौनात हलणारं काही नसतं आणि उजेड सूर्याचा असतो. त्या वेळी ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, टोप्यांच्या कडा उजळतात. मी साडेचारलाच जागा धरतो, फोकसची बीप बंद करतो, पायातली चप्पल काढतो आणि मौन सुटेपर्यंत पाऊल उचलत नाही. आवाज गेला म्हणून फिरण्याची मोकळीक मिळाली असं मी धरत नाही.

तुम्ही फ्लॅश का वापरत नाही?

जनावर बुजतं, पालखीतल्या माणसाची तंद्री मोडते, आणि कंदिलाच्या, समईच्या उजेडाचं जे असतं ते जातं. याचा धडा आमच्या जिल्ह्यातच आहे. सेवाग्रामला बापूंच्या पुतण्याच्या मुलानं, कनू गांधींनी, बापूंचे फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोज देणार नाही, आणि आश्रम या कामासाठी पैसे देणार नाही. कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. त्या तीन अटींत राहून त्यांनी जे काढलं, त्यात बापू पाठमोरे आहेत, वाकलेले आहेत, कामात आहेत. सेवाग्रामच्या कुटीतला तो मंद उजेड आजही तसाच आहे. नव्या पोरांनी तिथं जाऊन, कॅमेरा न काढता, तासभर नुसतं बसावं.

फोटो ऑफिसला पोचतो कसा?

मी सुरुवात केली तेव्हा एसटीनं. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले दहा तरी दुसऱ्या कार्यक्रमासाठी वाचवायचे. रोल डबीत, डबी पाकिटात, पाकिटावर पेपरचं नाव, आणि ते कंडक्टरच्या हातात. नागपूरच्या बस स्थानकावर ऑफिसचा माणूस उभा असे. गाडी पंक्चर झाली की उद्याच्या अंकात फोटो नाही. आपला फोटो कसा आला हे आम्हाला तिसऱ्या दिवशी, छापलेल्या अंकातच कळे. नंतर सायबर कॅफे आले, एक फोटो जायला वीस-वीस मिनिटं लागत.

आता कॅमेऱ्यातून मोबाइलवर, मोबाइलवरून सर्व्हरवर किंवा मेलवर. पण यात्रेत लाखभर मोबाइल एकाच टॉवरला लटकलेले असतात, नेट मरतं. मी गर्दीतून निघून दोन-तीन किलोमीटर मागं जातो आणि शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) बसून पाठवतो. फोटो लांब बाजूनं तीन हजार पिक्सेलपर्यंत लहान करा, पेपरला तेवढा पुरतो. व्हॉट्सअॅपनं पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक करतं. आणि लक्षात ठेवा, ग्रामीण भागात जाणारी डाक आवृत्ती आधी छापायला जाते. मोझरीचा ४ वाजून ५८ मिनिटांचा फोटो रात्री आठला पाठवलात तर तो शहरात दिसेल, मोझरीला दिसणार नाही.

फोटोओळीत काय काय हवं?

कोण, काय, कुठं, कधी. आणि ‘कोण’ म्हणजे मंचावरचेच नव्हेत. ‘उपस्थित जनसमुदाय’, ‘एक शेतकरी महिला’, ‘भाविक’ अशा ओळींचा मला मनापासून राग आहे. मंचावरच्या पंधरा जणांची नावं, पदांसह, उजवीकडून डावीकडं बिनचूक येतात. आणि ज्या बाईच्या चेहऱ्यामुळं तो फोटो छापला गेला, तिला नाव नाही. नाव विचारायला अर्धं मिनिट लागतं.

तेही नीट विचारा. कौंडण्यपूरहून पालखी पंढरपूरला निघाली तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींचा फोटो मी काढला. त्या पुढं निघून गेल्या म्हणून मी बाजूच्या माणसाला नाव विचारलं. फोटो मोठा छापून आला. आठवड्यानं एक माणूस कात्रण घेऊन माझ्या स्टुडिओत आला. म्हणाला, ‘भाऊ, फोटो मायचा हाय, नाव मामीचं हाय.’ आवाज चढवला नाही त्यानं. म्हातारी पंढरपुरातून परत आली की तिला दाखवायचं म्हणून घरानं तो अंक जपून ठेवला होता. मी डेस्कला सांगून दुरुस्ती छापून घेतली, मोठा फोटो फ्रेम करून त्यांच्या गावी नेऊन दिला. पण पहिल्या अंकावरचं नाव बदलता येत नाही. तेव्हापासून माझ्या खिशात वही असते. नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, आणि शक्य असेल तर फोन. लिहून झालं की त्यांनाच वाचून दाखवतो.

एक तांत्रिक गोष्ट: फोटोओळ युनिकोडमध्ये लिहा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली ओळ दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा चुरा होऊन उघडते आणि घाईत डेस्कवरचा माणूस अंदाजानं नाव लिहितो.

फोटोग्राफरांच्या रांगेत भांडणं होतात का?

होतात. पण रांगेचे नियमही असतात. पुढचा बसेल, मधला गुडघ्यावर, मागचा उभा. आधी आलेल्याची जागा त्याची. कोणाचं कार्ड खराब झालं तर दुसरा आपला एखादा फोटो देतो, पण तो त्याच्या नावानं छापायचा. ‘भाऊ, हात खाली’ एवढ्यानं काम भागतं. मोबाइल दोन्ही हातांनी उंच धरणाऱ्या कार्यकर्त्यांना हे कोणी शिकवत नाही.

फोटोत किती फेरफार चालतो?

उजेड कमी-जास्त करणं, रंग ताळ्यावर आणणं, कडा कापणं चालतं. डार्करूममध्येही आम्ही एवढं करत होतो. विजेची तार पुसणं, रिकाम्या खुर्च्या भरणं, दोन फोटो जोडणं, आकाश बदलणं चालत नाही. एआयनं गर्दी वाढवून देणारी अॅप आता पोरांच्या मोबाइलवर आहेत. आयोजक सरळ मागतात: ‘थोडी पब्लिक भरून द्या न.’ लग्नाच्या अल्बमात हवं ते करा. पेपरला जाणाऱ्या फोटोत खुर्ची रिकामी होती तर ती रिकामीच जाईल. कातरताना सांभाळा. कडेचा एक माणूस कापला की अर्थ बदलतो, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरला पकडता येत नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्रात फोटो काढता येतो का?

निवडणूक आयोगाचं प्राधिकारपत्र असेल तर केंद्रापर्यंत जाता येतं, पण मत गुप्त राहिलं पाहिजे. यंत्राजवळ उभ्या मतदाराच्या मागून डोकावणारा फोटो कदापि नाही. रांग, शाई लावलेलं बोट, खाटेवरून आणलेले आजोबा, हे बाहेरून मिळतं. २६ एप्रिल २०२४ ला वर्धा लोकसभेचं मतदान होतं. त्या दिवशी उन्हाच्या आधी रांगेत उभ्या राहिलेल्या बायांचे फोटो सकाळी सातलाच मिळाले. दुपारी मी फक्त सावली शोधत होतो. गडचिरोलीत तर अनेक केंद्रांवर मतदान दुपारी तीनलाच संपतं आणि काही मतदान पथकं हेलिकॉप्टरनं जातात. तिथला फोटोग्राफर दिवस आपल्यापेक्षा लवकर सुरू करतो.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी नेते येतात, तेव्हा तुम्ही काय करता?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. मी मोकळेपणानं लिहितो.

दोन खोल्यांचं घर असतं. बाहेर दहा-बारा गाड्या. आत पंधरा कॅमेरे शिरतात, कोणी कोठीवर चढतं, कोणी चुलीजवळ पाय देऊन उभं राहतं. नवऱ्याला जाऊन चार दिवस झालेली बाई कोपऱ्यात बसलेली. आणि मागून कोणीतरी म्हणतं, ‘ताई, फोटो जरा हातात धरा, इकडं पाहा.’ ती धरते. त्या क्षणी ती नाही म्हणू शकत नाही, हे त्या म्हणणाऱ्याला कळायला हवं.

मी कोणालाही कधीही असं सांगत नाही. माझ्यासमोर दुसऱ्यानं सांगितलं तर मी कॅमेरा खाली घेतो. मृतदेहाचा फोटो नाही, फासाचा नाही, मुलांचे चेहरे नाहीत. नेता आत असताना मी उंबरठ्याबाहेर थांबतो. एकदा असाच बाहेर थांबलो तेव्हा शेजारच्या अंगणात चार बाया पाहुण्यांसाठी चहा मांडत होत्या. कप चार घरांतून उसने आणलेले, एकाचा एकाशी मेळ नाही. मी त्यांना विचारून तो फोटो काढला आणि तोच पाठवला. डेस्कवरून फोन आला, ‘साहेबांचा फोटो कुठाय?’ मी म्हटलं, तो बाकी सगळ्यांकडे आहे.

शक्य असेल तर मी महिनाभरानं पुन्हा जातो, एकटा, गावातल्या ओळखीच्या माणसासोबत. तेव्हा बसून बोलता येतं. फोटो नको म्हणाले तर चहा पिऊन परत येतो. कर्ज, कापसाचा भाव, बोंडअळी, पाऊस, याबद्दल त्या बाईकडं सांगायला बरंच असतं. चार दिवसांनी विचारलं तर ती रडते, महिन्यानं विचारलं तर ती हिशोब सांगते. वाचकाला तो हिशोब कळायला हवा असं मला वाटतं.

लहान मुलांचे फोटो छापले तर?

तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन मिरवणारं पोरगं असेल तर आईबापाला विचारा, नाव लिहून घ्या, आनंदानं छापा. पण लैंगिक गुन्ह्यात बळी पडलेल्या मुलाची ओळख कळेल असं काहीही, चेहरा, घर, शाळा, गाव, छापणं पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नं मनाई केलेलं आहे. फक्त चेहरा धूसर करून भागत नाही. दारावरचं तोरण पाहूनही गाव घर ओळखतं.

मुलींनी या कामात यावं का?

यावं. होमाई व्यारावाला यांनी साडी नेसून, जड कॅमेरे खांद्यावर घेऊन स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. त्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. अडचण मुलींच्या हिमतीची नाही. सहा तास आत कोंडलेल्या सभेत बाईसाठी स्वच्छतागृह नसतं, रात्री दहाला पटावरून परतायला एसटी नसते. आयोजकांनी आणि पेपरांनी हे सोडवायला हवं. बायांच्या गर्दीत, ओव्या म्हणणाऱ्या दिंडीत, स्वयंपाकाच्या मांडवात मला जे कधीच मिळत नाही ते एका मुलीला सहज मिळेल.

यात पोट भरतं का?

तालुक्याच्या ठिकाणी फक्त यात भरत नाही. बहुतेक जण बातमीमागं, फोटोमागं मानधन घेतात आणि घर लग्नाच्या सीझनवर चालवतात. माझाही स्टुडिओ आहे. नोकरीत नसाल तर फोटोच्या हक्काबद्दल आधीच लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरचा हक्क ६० वर्षं टिकतो. पगारी नोकरीत पेपरसाठी काढलेला फोटो साधारणपणे मालकाचा असतो, मोकळ्या फोटोग्राफरचं तसं नसतं. मूळ फाइल कोणाला देऊ नका.

यात्रेत ड्रोन उडवू का?

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं नोंदणी, ड्रोनच्या सरकारी नकाशातला हिरवा (उडवायला मोकळा) भाग आणि पोलिसांची संमती असेल तरच. पटावर किंवा पोळ्यात, सगळं असलं तरी, नको. वरून घोंगावणारी वस्तू आली की बैल उधळतात आणि खाली माणसं असतात.

आम्ही आयोजक आहोत. फोटोग्राफरांसाठी काय करावं?

मंचाच्या समोर, लोकांची नजर न अडवता, तीन फूट उंच मचाण. प्यायचं पाणी. मंचावरच्यांच्या नावांचा एक कागद, शुद्धलेखनासह. मंचामागं पांढराशुभ्र फलक लावू नका, त्यापुढं माणसं काळी पडतात. लाल-निळे एलईडी भाषणाच्या वेळी बंद ठेवा, नाहीतर पाहुण्याचा चेहरा अर्धा जांभळा येतो. आणि सत्काराच्या वेळी चाळीस जणांनी हाराला हात लावू नये. सत्कार ज्याचा आहे तो दिसत नाही.

‘भाऊ, माहा फोटो कोन्या पेपरात येईन?’

यात्रेत हा प्रश्न दिवसाला पन्नास वेळा येतो. ‘येईल, येईल’ म्हणून पुढं सरकू नका. पेपरचं नाव सांगा, आणि येईलच असं नाही हेही सांगा. माझ्या वहीत ज्यांची नावं आहेत, त्यांचा फोटो छापून आला नाही तरी मी एक प्रत काढून ठेवतो. चार बाय सहाची प्रत काढायला फार खर्च येत नाही. पुढच्या वर्षी त्याच यात्रेला जाताना ती पाकिटं गावांच्या नावांनी लावून बॅगेत टाकतो. काही जण भेटतात. काहींच्या गावी जाणारा कोणी भेटतो, त्याच्याजवळ देतो. काही पाकिटं परत येतात, ती मी पुन्हा पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात लावतो. तुमचा फोटो मी काढला असेल आणि मिळाला नसेल तर मोझरीला पंचमीच्या दिवशी शोधा. साडेचारपासून मी एका जागी उभा असतो. मौन सुटल्यावर नाव सांगा.